मदत हवी आहे: आईच्या नाकाच्या ऑपरेशनला कमरेतून रंग सोडणार आहेत. कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावते, पण वाचा.

आई ५४ वर्षांची, सांगलीला असते. दिवाळीपासून तिची उजवी नाकपुडी गळतेय. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, मग अ‍ॅलर्जी म्हणून सात महिने गोळ्या आणि स्प्रे झाले. फरक शून्य. कणीक मळायला वाकली की परातीत टपटप. रुमाल वाळला तरी कडक होत नाही, हे तिच्याच लक्षात आलं, डॉक्टरांच्या नाही!

पुण्याच्या कान-नाक-घसा सर्जननी पहिल्याच भेटीत तिला पुढे वाकवून हातात छोटी बाटली दिली. ते थेंब बीटा-२ ट्रान्सफेरिनच्या (मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडणारं प्रथिन) तपासणीला गेले आणि कळलं की हे मेंदूभोवतीचं पाणी आहे. नाकाच्या छतापाशी कवटीचं हाड झिजलंय. भोक बुजवलं नाही तर मेंदूज्वराची भीती, त्यामुळे ऑपरेशनबद्दल घरात वाद नाही.

वाद रंगावरून आहे. सीटीत हाड दोन ठिकाणी पातळ दिसतंय, गळती नक्की कुठली ते कळत नाही. म्हणून कमरेत सुई घालून आईचंच १० मिली पाणी काढणार (मेंदूभोवतीचं पाणीच खाली मणक्यातही असतं), त्यात १० टक्के फ्लुरेसिन हा रंग फक्त ०.१ मिली मिसळून सावकाश परत सोडणार. मग दुर्बिणीतून निळा प्रकाश टाकला की जिथून हिरवं चमकेल तिथे भोक. ऐकायला झकास. पण संमतीपत्रात 'या वापरासाठी औषधाला अधिकृत मान्यता नाही' आणि खाली 'फिट येण्याची शक्यता' वाचून बाबांनी पेन खाली ठेवलं. त्यात मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की रंग दिल्यावर पेशंटला अंधारात ठेवतात. खरं का? रंगाला नाही म्हणावं का?

— सांगलीकरीण

प्रतिसाद (भूलवाला):
मी भूलतज्ज्ञ आहे. आईंना तपासलेलं नाही, तेव्हा ही माहिती समजा, सल्ला नव्हे. मामांनी पाठवलंय ते ५-एएलए या वेगळ्या औषधाचं. ते मेंदूच्या गाठींसाठी भुलीच्या काही तास आधी पाजतात, गाठ लालसर चमकते, आणि नंतर साधारण दिवसभर कडक उजेड टाळावा लागतो. तुमच्याकडे ते नाही.

डोळ्यांच्या अँजिओग्राफीत हेच फ्लुरेसिन शिरेतून ५ मिली, म्हणजे ५०० मिग्रॅ देतात. तुमच्याकडे १० मिग्रॅ. पण पन्नासावा हिस्सा म्हणून निर्धास्त होऊ नका, शीर वेगळी आणि मणक्यातलं पाणी वेगळं. फिट वगैरे त्रास मुख्यतः जास्त मात्रेने किंवा पुरेसं पातळ न केल्याने झाल्याचं नोंदलं गेलंय. म्हणून विचारायचं ते असं: बाटली प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली आहे ना, पातळ कोण करतं, किती मिनिटांत सोडतात. आणि आईंना पूर्वी कधी फिट आली असेल, रंगाची अ‍ॅलर्जी असेल, तर लपवू नका.

प्रतिसाद (कोकणी_माणूस):
भावाची पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) गाठ नाकातूनच काढली. त्याला शिरेतून हिरवा रंग दिला होता, आयसीजी. दोन्ही बाजूंच्या मोठ्या धमन्या कॅमेऱ्यात उजळतात, म्हणजे सर्जनला कुठे हात लावायचा नाही ते दिसतं. काही मिनिटांत ओसरतो, यकृत काढून टाकतं. त्यात आयोडीन असतं म्हणून आधी अ‍ॅलर्जी विचारली होती. तुमचा प्रकार वेगळा, पण रंग म्हटलं की आम्हीही असेच घाबरलो होतो.

सांगलीकरीण:
दोघांचे आभार. फोन केला. बाटली प्रिझर्व्हेटिव्हशिवायचीच आहे, पातळ भूलतज्ज्ञ स्वतः करतात, सोडायला दहा मिनिटं घेतात. बाबा जरा नरमले. मग सहज आजीला विचारलं, तर म्हणे आई दोन वर्षांची असताना तापात आकडी आली होती. पन्नास वर्षांत हे कुणी बोललंच नव्हतं, आईलाही माहीत नाही. फॉर्मवर आम्ही 'फिट: नाही' लिहून बसलोय. उद्या नऊला ओपीडी उघडते, आधी ते खोडून घेते.