मदत हवी आहे: जुनी बेस गिटार दुरुस्त करू की नवी घेऊ?

नमस्कार मंडळी. कॉलेजनंतर माळ्यावर गेलेली बेस गिटार खाली काढलीय, म्हणजे पुन्हा श्रीगणेशाच. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, वाकलीय. मधल्या फ्रेट्सवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) तारा इतक्या उंच की सगळ्यात जाड ई तार दाबताना बोटाला वळ उठतो, आणि केबल जरा हलली की खरखर सुरू. ट्रस रॉडला (नेकच्या आतली, वाक कमी-जास्त करणारी सळई) स्वतः पाना लावायचा धीर होत नाही. नाशकात गंगापूर रोड किंवा सिडकोकडे नीट सेटअप (नेक, तारांची उंची जुळवणं) करून देणारं कुणी आहे का?

की सरळ स्क्वायर कंपनीचा जॅझ बेस हे मॉडेल घ्यावं? माझी बोटं आखूड, आणि त्याचा नट (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) 38 मिलिमीटर रुंद, प्रिसिजन या दुसऱ्या मॉडेलपेक्षा अरुंद. तारेची वाजणारी लांबी नेहमीची 34 इंच सोडून 30 इंच असलेला शॉर्ट स्केल बेस कुणी वाजवलाय का? नाशकातच हातात धरून बघता येईल असं दुकान सांगा. ऑनलाइन आंधळेपणानं मागवणार नाही.