ओढ्याकाठच्या सार्वजनिक जागेला कुंपण कशाचे घालावे?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. पुणे जिल्ह्यातील आमच्या लहान शहरात ओढ्याला लागून सुमारे तीन एकरांची सार्वजनिक मोकळी जागा आहे. जमीन मुरमाड असून तेथे दोन जुने उंबर, काही कडुलिंब आणि गेल्या पाच वर्षांत रहिवाशांनी लावून जगवलेली देशी झाडे आहेत. बारा वर्षांपूर्वी तिला लोखंडी अँगल उभारून तारेची जाळी लावली होती. आज ते अँगल वरून ठीक दिसतात, पण हाताने हलवले की जमिनीलगत गंजाचे पापुद्रे सुटून येतात. जाळीला चार ठिकाणी भगदाडे आहेत आणि ओढ्याच्या बाजूला तर पुरात वाहून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या व पालापाचोळा अडकून अख्खी जाळी आडवी झाली आहे.

जागेचा घेर सुमारे ४५० मीटर असून त्यापैकी १२० मीटर ओढ्याकडेचा आहे. मोकाट गुरे, शेळ्या आणि रात्री राडारोडा टाकायला येणारे टेम्पो यांचा आम्हाला उपद्रव होतो. पुन्हा तीच जाळी लावण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. पर्यावरणाला जाच होणार नाही आणि दरवर्षी खर्चही मागणार नाही, असे कोणते कुंपण येथे टिकेल? सिमेंटची भिंत नको, यावर आमचे एकमत आहे.

माळरान

मी अनेक वर्षे रोपवाटिकेच्या कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘कमी देखभाल’ या शब्दाची आधी फोड करायला हवी. लोखंडी जाळी पहिली काही वर्षे काहीच मागत नाही आणि नंतर एकदम सगळेच मागते. सजीव कुंपणाचे याच्या उलट असते. त्याला पहिली तीन वर्षे माणूस लागतो, पुढे वर्षातून एक छाटणी पुरते. इंग्रजांनी मिठावरील कर बुडू नये म्हणून उत्तर व मध्य भारतात शेकडो मैल लांबीचे काटेरी कुंपण वाढवले होते आणि त्यात बोर, बाभूळ, निवडुंग यांच्याबरोबर करवंदही होते. हे कुंपण ज्या जकातरेषेवर, म्हणजे कर वसूल करण्याच्या हद्दीवर होते, ती १८७९ मध्ये मोडीत निघाली, पण ती चालू होती तोवर तिच्यावर १२ हजारांहून अधिक माणसे नेमलेली होती. त्यांचे मुख्य काम पहारा हे असले, तरी कुंपणातील खिंडारे बुजवणे आणि मेलेल्या जागी नवी रोपे लावणे त्यांनाच करावे लागे. सजीव कुंपण लावून विसरून जाता येत नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवावे.

आपल्या मुरमाड जमिनीसाठी माझी पहिली पसंती करवंदालाच आहे. ते सह्याद्रीच्या उतारांवरचे असल्यामुळे उन्हाळा सोसते. फांद्या एकमेकींत गुंतून दाट जाळी होते, आणि चीक व काटे यांमुळे गुरे वाढलेल्या झुडपाला तोंड लावत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या सुवासिक फुलांवर मधमाश्या येतात आणि मे महिन्यात पक्ष्यांबरोबर मुलांनाही काळी मैना मिळते. एवढे देणारी जाळी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

दीड फूट रुंद आणि तितकाच खोल चर खणून त्यात शेणखत मिसळावे. पावसाने जमीन चांगली ओली झाली की दोन ओळींत, दोन रोपांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवून नागमोडी लागवड करावी, म्हणजे पुढच्या ओळीतील फट मागच्या ओळीतील रोपाने झाकली जाईल. ओढ्याची बाजू वगळता राहणाऱ्या ३३० मीटरसाठी सुमारे १,१०० रोपे लागतील. मर होते ती धरून १,२५० घ्यावीत. करवंदाचे बी वाळले की त्याची उगवण झपाट्याने घटते, म्हणून ताज्या फळांचे बी मे-जूनमध्येच पिशव्यांत टाकावे आणि वर्षाची झालेली रोपे पुढच्या पावसाळ्यात लावावीत. छाटणी फळे संपल्यावर जूनमध्ये करावी, कारण हिवाळ्यात कात्री चालवली तर त्या वर्षीचा फुलोरा जातो.

खरी कसोटी पहिल्या दोन उन्हाळ्यांची असते. शेळ्या कोवळे शेंडे सोडत नाहीत. म्हणून बाहेरच्या अंगाला बोरी-बाभळीच्या फेसाट्यांचे (तोडलेल्या काटेरी फांद्यांचे) सुके कुंपण करावे आणि वाळवी लागून ते खचले की वर्षाने त्यावर नवी भर घालावी. आपले जुने अँगल कुजलेला भाग कापून तेवढ्यापुरते पुन्हा रोवता आले, तर नवे लोखंड घ्यावेच लागणार नाही. मार्चपूर्वी कुंपणाच्या दोन्ही अंगांनी गवत कापून जाळरेषा काढावी, नाहीतर एका न विझलेल्या विडीने तीन वर्षांची मेहनत जाईल.

काही झाडे मात्र कृपया टाळावीत. शेर पटकन वाढतो, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा होते आणि कण्हेर तर सर्वांगाने विषारी आहे. घाणेरी लावू नये, कारण ती कुंपणात थांबत नाही. पक्षी तिच्या बिया दूरवर नेतात आणि आपण जपलेले गवत तीच गिळते.

चिरेखाण

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे बागेभोवती चिऱ्याचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची बुटकी भिंत असते. त्यात सिमेंट नसते. दगडावर दगड असा बेताने रचतात की पावसाचे पाणी फटींतून निघून जाते आणि मुंगूस, सरडे, पाली त्याच फटींत राहतात. एखादा भाग ढासळला तर तेच दगड पुन्हा रचता येतात. आपल्याकडे चिरा वाहून आणणे योग्य नाही, पण आसपासचा काळा दगड सहज मिळत असेल, तर टेम्पो ज्या बाजूने शिरतात त्या रस्त्याकडेला कमरेएवढी कोरडी दगडी रचाई करावी. झुडपाने गुरे थांबतील, पण टेम्पो थांबवायला दगडच हवा. पाया रुंद ठेवून भिंत वर निमुळती करणारा गवंडी मात्र शोधावा लागेल.

सागरगोट्याचाही विचार करावा. त्याच्या आकडेदार काट्यांतून माणूसही पार होत नाही. बीचे कवच इतके टणक असते की ते घासून पाण्यात भिजवल्याशिवाय लवकर रुजत नाही. तो वेलीसारखा पसरतो, म्हणून चालण्याच्या वाटेपासून दूर, मागच्या कोपऱ्यातच लावावा.

रोजची फेरी

मी अशाच एका उद्यानात रोज पहाटे चालते, त्यामुळे वापरणाऱ्या स्त्रीच्या बाजूने दोन गोष्टी मांडते. पुरुषभर उंचीचे दाट कुंपण जिथे असते, तिथे पलीकडे कोण उभे आहे ते दिसत नाही आणि बाहेरच्यालाही आतले दिसत नाही. आमच्या उद्यानात कुंपण वाढत गेले तशा संध्याकाळी येणाऱ्या बायका कमी होत गेल्या. प्रवेशद्वारापाशी आणि रस्त्याकडेला उंची मीटरभरच ठेवावी.

दुसरे असे की, आपल्या जाळीला पडलेली चार भगदाडे नेमकी कुठे आहेत ते पाहावे. ती बहुधा लोकांच्या रोजच्या वाटेवर असतील. तिथे माणूस वळून जाईल पण गाय जाणार नाही असे अरुंद, नागमोडी प्रवेश ठेवावेत. मात्र त्यांतला एक तरी चाकाची खुर्ची जाईल एवढा रुंद आणि फाटक असलेला असावा. वाट बुजवली की लोक कुंपण तोडतात, मग ते तारेचे असो की करवंदाचे.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी मोजपट्टी घेऊन फिरलो. चारपैकी तीन भगदाडे शाळेकडे जाणाऱ्या वाटेवरच निघाली. ती बुजवण्याचा प्रस्ताव आम्ही दोन वर्षे मांडत होतो, याचे वाईट वाटले. आता तिथे प्रवेशच ठेवू आणि त्यांतला एक फाटकाचा करू. रस्त्याकडेला ८० मीटर दगडी रचाई आणि उरलेल्या २५० मीटरवर करवंद असा नवा प्रस्ताव देत आहोत. ओढ्याच्या बाजूचे काय करावे, एवढेच ठरत नाही.

माळरान

ओढ्याला आडवे किंवा अगदी काठाला लागून काहीही ताणू नये, कारण पाण्याला वाट हवीच. पूररेषेच्या वरच्या अंगाला निरगुडी आणि अडुळसा यांची फाटे कलमे पावसाळ्यात लावावीत. दोन्हींना जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. प्रत्यक्ष काठावर वाळा लावावा. त्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. पूर आला की तो वाकेल आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभा राहील.

२५० मीटरसाठी आता ८५० ते साडेनऊशे रोपे पुरतील. प्रस्तावात एक वाक्य मात्र अवश्य घालावे: लागवडीच्या रकमेबरोबरच तीन वर्षांचे पाणी, मर भरणे आणि राखण यांची रक्कम त्याच कामात धरलेली असावी, आणि शेवटचा हप्ता तिसऱ्या पावसाळ्यानंतर जगलेली रोपे मोजूनच द्यावा.