काळ्या मातीतील भेगा आणि जुन्या भूकंपांच्या खुणा

सोलापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या मोठा भूकंप झाला नाही, म्हणून येथील जमीन सुरक्षित आहे, असे मत अनेकदा मांडले जाते; ते मला पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हादरलेले किल्लारी तेव्हाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागातच होते. संथ भ्रंशावर, म्हणजे खडकातील ज्या भेगेच्या दोन्ही बाजू फार हळू सरकतात तिच्यावर, ताण साठायला हजारो वर्षे लागू शकतात, त्यामुळे शे-दोनशे वर्षांच्या नोंदींत त्याचा मागमूस नसणे स्वाभाविक आहे. म्हणूनच अभ्यासक संशयित भ्रंशाला आडवा चर खणतात, भिंतीतील थर कोठे तुटून वरखाली सरकले आहेत ते पाहतात, आणि तुटलेला सर्वांत वरचा थर व त्यावरील अखंड थर यांचे वय कोळशाच्या रेडिओकार्बन चाचणीने किंवा वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते मोजून ठरवतात. भूकंप या दोन वयांच्या दरम्यान झालेला असतो.

आपल्याकडे काळ्या मातीमुळे फसगत होण्याचा मोठा संभव आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि या घासाघशीत ढेकळांवर गुळगुळीत, चकाकणारे, ओरखडे उमटलेले पृष्ठभाग तयार होतात, जे भ्रंशावरील घसरणीसारखेच दिसतात. विहीर खणताना असे काही आढळल्यास ते खालच्या मुरमात आणि बेसाल्टमध्येही उतरते का, हे आधी तपासावे. खडक सरकलेला दिसला तरी ती हालचाल कोट्यवधी वर्षांपूर्वीची असू शकते. त्यामुळे वरच्या, अलीकडच्या गाळाचा पुरावा हवाच. सीना आणि भीमेच्या काठचे गाळाचे थर म्हणूनच मोलाचे आहेत, आणि वाळूउपशात ते नाहीसे होण्याआधी त्यांची नोंद व्हायला हवी.