‘दोषमुक्त’ आणि ‘निर्दोष मुक्त’ एकच का?

एका बातमीचा मथळा होता, ‘तिघे दोषमुक्त, दोघांवर खटला चालणार’. आत मजकुरात मात्र त्याच तिघांची ‘निर्दोष मुक्तता’ झाल्याचं लिहिलेलं. खटला अजून उभाच राहायचा आहे, तर तिघे आधीच निर्दोष कसे ठरले? की हे दोन्ही शब्द समानार्थी समजायचे? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
माझ्या मते एकच. दोष नाही म्हणून मुक्त. हिंदीतही ‘दोषमुक्त’च म्हणतात की.

प्रतिसाद २
एकच नाहीत, आणि हिंदीचा दाखला तर इथे नेमका उलटा पडतो.

पोलीस तपास संपवून न्यायालयात दोषारोपपत्र देतात. ते दिलं की लगेच साक्षीपुरावे सुरू होत नाहीत. आधी न्यायाधीश कागदपत्रं पाहतात आणि या माणसावर खटला चालवायला पुरेसा आधार आहे का, एवढंच ठरवतात. आधार नसेल तर कारणं नोंदवून त्याला तिथेच सोडतात. वकील मंडळी याला सरळ ‘डिस्चार्ज’ म्हणतात, मराठी वर्तमानपत्रं ‘दोषमुक्त’ म्हणतात. आधार असेल तर आरोप निश्चित होतात. मग साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद, आणि शेवटी शिक्षा किंवा निर्दोष मुक्तता. म्हणजे पहिला शब्द खटल्याच्या दारातला, दुसरा खटला संपल्यानंतरचा. तुमच्या बातमीतला मथळा बरोबर आहे, मजकूर चुकला आहे.

हिंदीतल्या कायद्यात अखेरच्या निकालाला ‘दोषमुक्ति’ म्हणतात आणि डिस्चार्जला ‘उन्मोचन’. त्यामुळे हिंदी वाहिनीवर ‘दोषमुक्त’ ऐकलं की खटला संपला समजावं, आणि मराठी बातमीत तोच शब्द आला की खटला सुरूच झाला नाही असं समजावं. भाषांतर करून बातम्या लावणाऱ्यांचा इथेच घोळ होतो.

हा घोळ नुसता शब्दांचा असता तर सोडून दिलं असतं. पण एकदा निर्दोष सुटलेल्या किंवा शिक्षा भोगलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. हे संरक्षण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ मध्ये आहे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की डिस्चार्ज म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. सोडलेल्या माणसाविरुद्ध उद्या नवा पुरावा हाती आला तर त्याला पुन्हा न्यायालयात उभं करता येतं. निर्दोष सुटलेल्याच्या बाबतीत सरकार किंवा पीडित व्यक्ती वरच्या न्यायालयात अपील करू शकते, पण नव्याने खटला नाही.

जाता जाता : नवीन संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्यात सत्र न्यायालयातल्या खटल्यासाठी डिस्चार्जचा अर्ज करायला ६० दिवसांची मुदत घातली आहे. पूर्वी अशी मुदत नव्हती.

प्रतिसाद २.१ (धागालेखक)
दोषमुक्त माणूस पुन्हा अडकू शकतो हे माहीत नव्हतं. धन्यवाद. मग ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’ म्हणजे काय? तो अर्धा निर्दोष का?

प्रतिसाद २.२
नाही. निर्दोष मुक्ततेत कायदा प्रतवारी करत नाही. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची, आणि तीही वाजवी संशयापलीकडे. तेवढं जमलं नाही की आरोपी सुटतो, मग निकालपत्रात ‘संशयाचा फायदा’ हे शब्द असोत वा नसोत. आरोपीने काहीही सिद्ध करायचं नसतं, हा नियम. अपवाद आहेत, म्हणजे वेडाच्या भरात कृत्य घडलं किंवा स्वसंरक्षणासाठी केलं असं म्हणणाऱ्याला ते दाखवावं लागतं. पण तिथेही सरकार पक्षावरचं मूळ ओझं हलत नाही.

पंचाईत नोकरीत होते. खातं विचारतं, ‘सन्मानपूर्वक सुटलात की पुराव्याअभावी?’ सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका पोलीस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात म्हटलं की ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ हा शब्दप्रयोग फौजदारी संहितेत नाहीच. तरीही खात्यांतर्गत कारवाईत त्याचा विचार होतो, आणि नुसती निर्दोष मुक्तता झाली म्हणून नोकरी आपोआप परत मिळत नाही, हेही त्याच निकालात आहे. मला स्वतःला हे दुहेरी माप खटकतं. पुरावा नसणं हा सुटलेल्या माणसाचा दोष कसा?

प्रतिसाद ३
याच अनुषंगाने, ‘संशयित आरोपी’ हा जोडशब्द कुणी जन्माला घातला? संशयित तरी म्हणा, नाहीतर आरोपी तरी म्हणा.

प्रतिसाद ३.१
बातमीदारांनी, दुसरं कोण! भीतीपोटी दोन्ही लावतात. काटेकोर बोलायचं तर पोलिसांना शंका आहे तो संशयित, प्रथम खबरीत किंवा तपासात ज्याच्यावर गुन्ह्याचा ठपका आला तो आरोपी, आणि न्यायालयाने दोषी ठरवला तरच गुन्हेगार. ‘गुन्हेगाराला पोलिसांनी पकडले’ हे वाक्य मात्र रोज छापून येतं. ‘संशयित आरोपी’ला आपण हसतो, पण ते निदान चुकीच्या माणसाला शिक्षा तरी सुनावत नाही.

‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ यातही असंच. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचं, अटकेचं कारण सांगायचं, वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ मधले हक्क आहेत. बातमीत ‘ताब्यात’ लिहिलं की हे घड्याळ सुरू झालं की नाही, हे वाचकाला कळतच नाही. काही वेळा तो शब्द त्यासाठीच निवडलेला असतो.

प्रतिसाद ४
माझा नावडता शब्द ‘फितूर साक्षीदार’. यावर कुणी काही सांगेल का?

प्रतिसाद ४.१
सांगतो, कारण हा शब्द मला रोज टोचतो. फितूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा येतो. कायद्यात याचा अर्थ फार साधा आहे : ज्या पक्षाने साक्षीला बोलावलं त्याच पक्षाविरुद्ध साक्षीदार बोलू लागला, आणि त्या पक्षाने न्यायालयाच्या परवानगीने स्वतःच्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारले. तो खोटं बोलतोय असं यातून ठरत नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. तपास अधिकाऱ्याने साक्षीदाराचा जबाब लिहून घेतलेला असतो. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कायद्यानेच. तो जबाब पुरावाही नसतो, फक्त साक्षीत विसंगती दाखवायला वापरता येतो. काही वर्षांनी तोच माणूस पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, ‘मी असं सांगितलंच नव्हतं.’ मग सरकारी वकील जबाबातलं एकेक वाक्य वाचून दाखवतात, साक्षीदार ‘असं मी सांगितलं नाही, पोलिसांनी का लिहिलं ते सांगता येणार नाही’ हे पालुपद लावतो, आणि लघुलेखक तेच वाक्य पुन्हा पुन्हा टंकत बसतो. त्याला पैसे चारले असतील, धमकावलं असेल, किंवा जबाबात खरोखरच भलतंच लिहिलं असेल. ‘फितूर’ हा शब्द पहिल्या दोन शक्यता पक्क्या करून टाकतो आणि तिसरी पुसून टाकतो.

आणखी एक. फितूर ठरला म्हणून त्याची अख्खी साक्ष बाद होत नाही. त्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय स्वीकारू शकतं, आणि तो आरोपीच्या विरोधातही जाऊ शकतो. मी ‘साक्षीदार उलटला’ असं लिहितो. तेही निर्दोष नाही, पण त्यात गद्दारीचा वास नाही.

प्रतिसाद ४.२
आणि ‘माफीचा साक्षीदार’? तोही फितूरच ना?

प्रतिसाद ४.३
तो वेगळाच प्राणी. स्वतः गुन्ह्यात सामील असलेला, आणि सगळं खरं सांगण्याच्या अटीवर न्यायालयाने माफी देऊ केलेला. अट मोडली तर माफी जाते आणि त्याच्यावर खटला चालू शकतो. साथीदारांच्या नजरेतून फितूर हा शब्द खरं तर त्याला शोभतो!

प्रतिसाद ५
‘अजामीनपात्र’ राहिला. आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की अशा गुन्ह्यात जामीन मिळतच नाही.

प्रतिसाद ५.१
मिळतो. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो. रक्कम भरायची किंवा जामीनदार द्यायचा आणि सुटायचं. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो, एवढाच फरक. शिवाय ठरलेल्या मुदतीत, गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत, पोलिसांनी दोषारोपपत्र दिलं नाही तर अजामीनपात्र गुन्ह्यातही जामीन हक्काने मिळतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत वाढवून घेता येते आणि जामिनाच्या अटीही फार कडक आहेत, ती गोष्ट वेगळी.

प्रतिसाद ५.२ (धागालेखक)
म्हणजे ‘जामिनावर सुटका’ वाचून ‘सुटला बुवा’ म्हणणारे आणि ‘अजामीनपात्र’ वाचून ‘अडकला बुवा’ म्हणणारे, दोघेही घाई करतात. त्या वर्तमानपत्राला ‘दोषमुक्त’बद्दल मेल टाकतोय. मसुदा इथे डकवू का? प्रतिसाद २ वाल्यांनी नजर घालावी.