आवडीनिवडी स्पॅनिशमध्ये सांगताना

छंद सांगताना इंग्रजीतल्या 'आय लाइक'सारखं 'यो गुस्तो' का चालत नाही, असा प्रश्न पडला असेल तर सरळ मराठीतून विचार करा, इंग्रजीतून नको. आपण 'मला गाणी आवडतात' म्हणतो तसंच तिकडे 'मे गुस्तान लास कान्सिओनेस', म्हणजे क्रियापद गाण्यांप्रमाणे बदलतं, आपल्याप्रमाणे नाही, आणि एकच गोष्ट असेल तर 'मे गुस्ता'. खूपच आवडत असेल तर 'मे एन्कान्ता', पण त्याला 'मुचो' (म्हणजे 'खूप') जोडू नका हं.

सोशल मीडियाचं तर अजून सोपंय, फेसबुकवर लाइकच्या बटणावरही 'मे गुस्ता'च असतं, फोटो टाकणं म्हणजे 'सुबिर उना फोतो', फॉलो करणं 'सेगिर'. फोनची भाषाच स्पॅनिश करून टाका, हे शब्द रोज समोर येतात.