मदत हवी आहे: कव्हरेज भरपूर, पण टेस्टमध्ये दम नाही
नमस्कार मंडळी. आमचं कर्जहप्त्यांचं सॉफ्टवेअर जावामध्ये आहे. कव्हरेज (टेस्ट चालवताना कोडचा किती भाग चालून जातो ते) 80 टक्क्यांखाली गेलं की बिल्ड फेल होतो, त्यामुळे आकडा कायम छान. पण टेस्ट उघडून बघा! नवीन मुलं मेथड कॉल करतात आणि शेवटी 'असर्ट नॉट नल' (उत्तर रिकामं नाही, एवढंच तपासणं) लिहून मोकळी होतात. व्याज शून्य येवो नाहीतर लाखभर, टेस्ट पास. काही सीनियर लोक मॉकिटो ही लायब्ररी वापरून इतकं मॉक करतात (खऱ्या भागांच्या जागी नकली लावतात) की तपासायला खरं काही उरतच नाही.

उलट बँकेतून आलेल्या एक मॅडम कोडिंगमध्ये नवख्या, पण 29 फेब्रुवारीचा हप्ता, अर्धवट भरणा, मुदतीआधी परतफेड या केसेस त्यांनाच सुचल्या. बग तिथेच निघाले.

आता म्यूटेशन टेस्टिंगसाठी 'पिट' हे टूल लावायचा विचार आहे. ते कोडमधल्या 'पेक्षा जास्त'चं मुद्दाम 'जास्त किंवा समान' करतं आणि टेस्ट फेल होते का, म्हणजे ही चूक पकडते का, बघतं. जुना कोड प्रचंड आहे. फक्त बदललेल्या क्लासेसवर कोणी चालवतं का? बिल्डला किती वेळ लागतो? आणि टेस्टचा रिव्ह्यू कोणाकडे द्यावा, सीनियर डेव्हलपरकडे की मॅडमकडे? (ट्रेनिंग सुचवू नका, झालंय.)