विकत घेतलेल्या बोटीचं नाव बदलावं का?

वेसावकर

होळीनंतर आमच्या घरी बोट आली. नवी नाही. उत्तनच्या एका घरातून घेतलेली, सहा सिलिंडरची, डोल जाळ्याची. तिथले तांडेल (बोटीचे प्रमुख) वारले, मुलगे नोकरीला लागले, म्हणून त्यांच्या पत्नीनं ती विकली. नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत नाव आहे, 'मोतमावली'. (कोळीवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी: वांद्र्याच्या माउंट मेरीला आम्ही मोतमावली म्हणतो.)

१ जूनला मासेमारी बंद झाली, ती ३१ जुलैपर्यंत. बोट किनाऱ्यावर शाकारून ठेवली आहे. नारळी पुनवेआधी ती खरवडून, रंगवून दर्यात जाईल. बाबांना रंगाबरोबर नावही बदलायचंय. आजीचं नाव द्यायचंय. आजीनं दादरच्या बाजारात वर्षानुवर्षं मासळीची पाटी लावली आणि तिच्या पाटल्या मोडल्या तेव्हाच या बोटीचे पैसे उभे राहिले. बाबा म्हणतात, "माझ्या आयसचा नाव दर्यावर फिराला पायजे." यात मला काही वावगं दिसत नाही. आजीवर माझाही तेवढाच जीव होता.

तरी माझं मत, नाव बदलू नये. ही बोट त्या नावानं इतकी वर्षं ओळखली गेली आहे. वायरलेसवर तिला त्याच नावानं हाक मारतात. ससून डॉकला बर्फवाल्याच्या आणि डिझेलवाल्याच्या वहीत तेच नाव आहे. तिच्याबरोबर आलेले दोन खलाशी स्वतःला अजून 'मोतमावलीवाले' म्हणवतात. बोट ताब्यात देताना त्या काकूंनी नाळेवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मोतमावली, बरी जा." ते ऐकल्यावर ब्रश हातात घ्यायला माझं मन होत नाही.

तुमच्याकडे काय रीत आहे? बदलू नये असं वाटत असेल तर का, आणि बदलावं वाटत असेल तरी का, ते सांगा.

मढचा तांडेल

भावा, बदल. विचार करत बसू नको.

आम्ही आजवर तीन बोटी जुन्या घेतल्या आणि तिन्हींची नावं बदलली. आधी कार्ल्याला एकवीरा आईकडे जाऊन आलो, मग रंगारी बोलावला. बोट घरात येते ती लक्ष्मी म्हणून. आपण तिला हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो, बावटा चढवतो. सून घरात आली की तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहितो की नाही? तसंच हे आहे. ज्या घराचं कर्ज तिच्यावर, ज्या घराची माणसं तिच्यावर, त्या घराचं नाव तिच्यावर पाहिजे.

आणि एक बोलतो, राग मानू नको. जुन्या नावाबरोबर जुन्या घराचं दुःख येतं. तांडेल गेलेला आहे. आमचे म्हातारे अशा बोटीचं नाव पहिल्या फेरीआधी बदलून घ्यायचे. तुझ्या बाबांना हे माहीत असेल, ते तुला तोंडावर सांगत नसतील.

बंदरावरची

तांडेलदादा, तुमचा मान राखून लिहिते. सुनेचा दाखला दिलात तर तो पुरा द्या.

माझं नाव असंच तांदळात बदललं. २६ वर्षं झाली. सासरची माणसं चांगली आहेत, तक्रार नाही. पण रेशनकार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. बँकेत गेले की प्रतिज्ञापत्र मागतात. ते एक वेळ जाऊ द्या. आई होती तोवर मला जुन्या नावानं हाक मारणारं कोणी तरी होतं. ती गेली त्या दिवशी तिच्याबरोबर ते नावही गेलं. आता मासळी बाजारात माहेरगावची एखादी बाई भेटते आणि त्या नावानं हाक मारते, तेव्हा मी पाटी तशीच सोडून तिच्याकडे जाते.

माझ्या मुलीच्या लग्नात मी सांगून टाकलं, तांदळात नाव लिहायचं असेल तर तिचंच लिहा. लिहिलंसुद्धा. कोणाचं काही बिघडलं नाही. म्हणून वेसावकर, तुमचं मन जे सांगतंय ते बरोबर आहे.

निवृत्त जहाजी

मी व्यापारी जहाजांवर इंजिनियर होतो. आमच्या जगात जहाज विकलं गेलं की नाव बदलणारच, त्यात कोणी भावना आणत नाही. कंपनी बदलते, झेंडा बदलतो, दोरीच्या फळीवर बसून रंगारी एका दिवसात नवं नाव घालतो. एकाच जहाजाची चार-पाच नावं झालेली मी पाहिली आहेत. भंगारात निघालेल्या जहाजाचं तर शेवटच्या फेरीपुरतं नाव करताना जुन्या नावातली दोन-तीन अक्षरं नुसती रंगानं बुजवतात, उरतं ते नवं नाव.

जहाजाची खरी ओळख म्हणजे आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी क्रमांक. १९९६ पासून मोठ्या जहाजांना तो सक्तीचा आहे. मालक बदलो, नाव बदलो, देश बदलो, तो भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. तुमच्या बोटीलाही नोंदणी क्रमांक असेलच, तो बदलणार नाही. मग नावासाठी एवढं अडून का बसायचं?

गोऱ्या लोकांतही ही भीती जुनी आहे. त्यांच्या शिडाच्या बोटीवाल्यांची समजूत अशी की समुद्रदेवाच्या वहीत प्रत्येक बोटीचं नाव लिहिलेलं असतं आणि ते परस्पर बदललेलं त्याला खपत नाही. म्हणून आधी जुनं नाव सगळीकडून पुसायचं. नाळेवरून, मागच्या फळीवरून, जीवरक्षक कड्यांवरून, नोंदवहीतूनही. मग देवाची माफी मागायची, दारू समुद्रात ओतायची आणि त्यानंतरच नवं नाव बोटीवर आणायचं. म्हणजे भीती होती, तसा तिच्यावरचा विधीही होता. आपल्याकडे नारळ आहे. नारळ द्या आणि वडिलांची इच्छा पुरी करा.

वेसावकर

जहाजीकाका, एक विचारतो. लोखंडी जहाजावर नावाची अक्षरं वेल्डिंगनं उठवलेली असतात ना? भाऊच्या धक्क्यावरून लहानपणी जहाजं बघायचो, तेव्हा नव्या नावाखाली जुन्या अक्षरांच्या कडा दिसायच्या. रंग दिला तरी दिसायच्या.

निवृत्त जहाजी

हो, खरं आहे. उन्हाची तिरीप पडली की जुनं नाव स्पष्ट वाचता येतं. घासून काढायला खर्च होतो म्हणून बरेच जण तसंच ठेवतात.

गिरगावकर

मी दर्यावरचा नाही, पण जहाजांचा इतिहास आवडीनं वाचतो. मुंबईकरांनी तरी नाव बदलण्याला घाबरू नये. आपली पहिली विमानवाहू 'विक्रांत' मुळात ब्रिटिशांची 'हर्क्युलिस'. भारतानं ती १९५७ साली घेतली, १९६१ साली ती 'विक्रांत' म्हणून नौदलात आली आणि १९७१ च्या युद्धात तिनं काय केलं ते सगळ्या देशाला माहीत आहे. परकं नाव जाऊन आपलं नाव आलं, म्हणूनच लोकांनी तिला आपली मानलं. तुमच्या बाबांना आईचं नाव हवंय, त्यामागचा ओढाही हाच आहे.

वेसावकर

गिरगावकर, 'हर्क्युलिस' १९४५ साली पाण्यात उतरली खरी, पण तिचं काम अर्धवटच थांबलं होतं. त्या नावानं ती एक दिवसही नौदलात नव्हती. बारशाआधी बाळाला घरात काहीतरी म्हणतात, तसं ते नाव. 'विक्रांत' हेच तिचं पहिलं नाव धरायला हवं. आमची बोट त्या नावानं आयुष्य जगली आहे.

गिरगावकर

ठीक, तुमचा मुद्दा मान्य. मग 'विराट' घ्या. 'हर्मिस' या नावानं ती १९५९ पासून ब्रिटिश नौदलात होती. १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांच्या ताफ्याची प्रमुख नौका तीच होती. भरलेलं आयुष्य जगली आणि मग १९८७ साली 'विराट' झाली. त्या नावानं आणखी ३० वर्षं, २०१७ पर्यंत. दोन्ही नावांनी ती कुठे कमी पडली नाही.

मात्र दुसऱ्या बाजूचा दाखलाही माझ्याकडे आहे आणि तो लपवणं बरं नव्हे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची एक लढाऊ नौका बांधली, 'त्रिंकोमाली'. १८९७ साली इंग्लंडमधल्या एका गृहस्थानं ती विकत घेतली. त्याची स्वतःची आवडती जुनी नौका 'फूद्रोयाँ' त्याच वर्षी वादळात किनाऱ्यावर आपटून फुटली होती. तिची आठवण म्हणून त्यानं हिचं नाव बदलून 'फूद्रोयाँ' ठेवलं. कित्येक वर्षं मुलं तिच्यावर शिडाचं शिक्षण घेत होती. पुढे डागडुजी झाली तेव्हा, १९९० च्या दशकात, तिला तिचं मूळ नाव परत दिलं. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे, 'त्रिंकोमाली' म्हणूनच.

बंदरावरची

म्हणजे गेलेल्या बोटीच्या दुःखापायी दुसरीचं नाव घेतलं आणि एवढ्या वर्षांनी ते तिला परत द्यावं लागलं. वेसावकर, हे बाबांना वाचून दाखवा.

मढचा तांडेल

ताई, तेवढी वर्षं त्याच नावानं ती चालली, पोरं शिकली, बुडाली नाही. हेपण वाचून दाखवा.

रेवसची लेक

शुभ-अशुभाची गोष्ट निघालीच आहे तर आमच्या बाजूचं लिहिते. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. गटारी अमावस्येला घरी येणारी माणसं होती. सहाशेहून जास्त गेली. त्याआधी १९२७ साली कोकण किनाऱ्यावर 'तुकाराम' आणि 'जयंती' बुडाल्या होत्या. 'रामदास', 'तुकाराम', संतांची नावं! त्यांहून पवित्र नाव कुठून आणायचं? तरी माणसं वाचली नाहीत. 'रामदास'च्या वेळी पावसाळी दर्या होता, बोट भरलेली होती आणि लोक एका बाजूला धावले. आमच्या घरात रामदासस्वामींचा श्लोक म्हणताना आजी मध्येच थांबायची, तिचा भाऊ त्या बोटीवर होता.

म्हणून मढच्या दादांना सांगते, जुन्या नावात वाईट काही नसतं आणि नव्या नावात रक्षणही नसतं. रंगाऐवजी ते पैसे लाइफ जॅकेटला लावा, एवढीच माझी विनंती.

आणि एक गोष्ट. १८८८ साली कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला येताना वादळात शेकडो माणसांसह नाहीशी झालेली आगबोट लोक 'विजळी' म्हणून ओळखतात. कागदावर तिचं नाव 'वैतरणा' होतं. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोकांनी 'विजळी' म्हटलं आणि तेच राहिलं. मालकानं काय रंगवलं ते कोणाच्या लक्षात नाही. तुम्ही आजीचं नाव घातलंत आणि अख्खं बंदर 'मोतमावली'च म्हणत राहिलं, तर बाबांना जास्त वाईट वाटेल.

सोसायटीतला

भावना सगळ्यांच्या बरोबर आहेत, पण कामाचं कोणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. मी मच्छीमार सोसायटीत कागद बघतो.

नाव बदलायचं तर ब्रश नंतर, कागद आधी. नोंदणी, मासेमारी परवाना, विमा, डिझेल परताव्याचं खातं, बँकेचा बोजा असेल तर तिथलं पत्र, सगळीकडे एकच नाव पाहिजे. २००८ च्या नोव्हेंबरात पोरबंदरची 'कुबेर' पळवून अतिरेकी मुंबईपर्यंत आले, तेव्हापासून दर्यात तपासणी कडक आहे. बोटीवर एक नाव आणि कागदावर दुसरं दिसलं तर तटरक्षक दल बोट थांबवणार, आणि तेवढ्या वेळात मासळीचा बर्फ वितळणार. पुनवेआधी हे सगळं व्हायचं तर आजच अर्ज द्यावा लागेल. मालक तर बदललाच आहे, त्याच अर्जात नावही बदलून घेता येतं. माझं मत विचाराल तर, एकदाच करायचं असेल तर आत्ताच करा. पुढे करायचं म्हणाल तर पुन्हा सगळी फेरी.

उत्तनचा

हा धागा मला उशिरा दिसला. मी त्या घराचा शेजारी आहे, नाव सांगत नाही. ती बोट पाण्यात उतरली त्या दिवशी पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला होता. आणि 'मोतमावली' काही फक्त आमची नाही. ती मूर्ती दर्यात कोळ्याच्या जाळ्यात सापडली अशी कथा आहे. सप्टेंबरच्या जत्रेला तुमच्या वेसाव्याच्या बायका मेणबत्त्या घेऊन येतात, मी लहानपणापासून बघतो. म्हणून परकं नाव म्हणून कोणी बदलत असेल तर तसं समजू नका. आईचं नाव द्यायचं म्हणून बदलत असाल तर कोणी नाही म्हणणार नाही. काकूसुद्धा नाही म्हणणार नाहीत.

वेसावकर

सगळ्यांचे आभार. काल बाबांना सगळं वाचून दाखवलं, तांडेलदादांचंही. 'रामदास'चं आलं तेव्हा बाबा उठून बाहेर गेले, परत आले, म्हणाले पुढे वाच. 'त्रिंकोमाली'चं दोनदा वाचायला लावलं.

मग मी काकूंना फोन लावला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी सरळ विचारलं, नाव बदललं तर तुम्हाला वाईट वाटेल का? त्या म्हणाल्या, बोट तुमची, पण पुसणार असाल तर मागची नावाची फळी फेकू नका, मला पाठवा, मी देव्हाऱ्याखाली ठेवीन. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर म्हणाले, "ही फळी जागेवरून हालवाची नाय. आयसचा नाव नव्या होरीला देऊ. आपण बांधू ती."

आज सकाळी रंगारी आला. निळाच रंग आणला आहे, अक्षरं तीच गिरवतोय.

मढचा तांडेल

बाबांचा निर्णय आहे, मी मान देतो. पण माझं मत तेच. आजची लाकडाची आणि इंजिनाची किंमत बघ. नवी बोट बांधायला किती वर्षं लागतील, आणि तोवर म्हातारीचं नाव घरातल्या फोटोखालीच राहणार. ज्या बोटीत तिच्या पाटल्या गेल्या ती हीच आहे. निदान केबिनमध्ये, सुकाणूपाशी, तांडेलाला दिसेल असं तिचं नाव लिहून घे. त्याला सोसायटीचा कागद लागत नाही.